चीनमध्ये उन्हाळा काढायचाय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

चीनला सुट्टीत जायचं ठरलं की बहुतेक जण नकाशा उघडतात आणि बीजिंग, शीआन, शांघाय, ग्वेलिन अशी शहरांची माळ ओवायला लागतात. माझा सल्ला याच्या उलट आहे. एकच शहर निवडा, तिथे खोली घ्या, रोज त्याच गाडीवर नाश्ता करा, त्याच दुकानातून फळं घ्या आणि बाकीची शहरं शनिवार-रविवारसाठी ठेवा. मी युन्नान प्रांतातल्या कुनमिंगला भाषावर्गासाठी राहिले. आठव्या-दहाव्या दिवशी फळवाली बाई मला पाहून स्वतःहून चांगली लिची निवडून द्यायला लागली. दर तीन दिवसांनी बॅग भरणाऱ्याच्या वाट्याला हे येत नाही.

पण असं निवांत राहता यावं म्हणून घरून निघण्याआधीच बरीच कामं उरकावी लागतात. चीनमध्ये उतरल्यावर "बघू तिथे गेल्यावर" चालत नाही. म्हणून ज्या क्रमाने कामं करावी लागतात, त्याच क्रमाने सांगते.

पहिली पायरी: महिना आणि शहर

आपला उन्हाळा मृगाच्या पावसाबरोबर संपतो, त्यांचा तेव्हा कुठे तापायला लागतो. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्या-अखेरीपर्यंतच्या काळाला ते 'सानफू' म्हणतात आणि तेच वर्षातले सगळ्यात कडक दिवस. चोंगचिंग, वुहान, नानजिंग ही यांगत्से नदीकाठची शहरं 'भट्ट्या' म्हणूनच ओळखली जातात. विदर्भातल्या मंडळींना ४० अंशांचं काही वाटणार नाही, पण इथे त्यात दमटपणाची भर असते आणि रात्रीही अंगाची काहिली थांबत नाही. शांघाय, हांगजोउ, नानजिंग या पट्ट्यात जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत साधारण पावसाची झड असते. दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर जुलै ते सप्टेंबर टायफूनचे दिवस. टायफून आला की रेल्वे आणि विमानं सरळ बंद ठेवतात, त्यामुळे किनाऱ्यावरून परतीचं विमान असेल तर एक-दोन दिवस हाताशी ठेवा.

महिना-दोन महिने राहायचं तर थंड जागा बघा. कुनमिंग सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. उन्हाळा हाच तिथला पावसाळा, तरी हवा पंचविशीच्या आसपास असते आणि संध्याकाळी पातळ जॅकेट लागतं. दाली आणि लीजिआंग त्याच प्रांतात, आणखी उंचावर. चिंगहाईतलं शीनिंग आणि ईशान्येकडचं हार्बिन हेही चांगले पर्याय.

बीजिंग बघायचंच असेल तर जूनमध्येच उरका. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी लागते आणि अख्खा देश मुलांना घेऊन बाहेर पडतो. जुन्या राजवाड्याची, म्हणजे 'फॉरबिडन सिटी'ची, तिकिटं सात दिवस आधी ऑनलाइन सुटतात, पासपोर्ट क्रमांकावरच मिळतात आणि सुट्टीत बघता बघता संपतात. दारावर जाऊन तिकीट मिळेल ही आशा धरू नका. जूनमध्येही ड्रॅगन बोट सणाच्या सुट्टीला गर्दी होते; २०२६ मध्ये तो सण १९ जूनला आहे.

दुसरी पायरी: व्हिसा

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतोच. चीनने ५५ देशांच्या नागरिकांना दिलेली, व्हिसाशिवाय थांबण्याची २४० तासांची ट्रान्झिट सवलत वाचून बरेच जण हुरळतात, पण त्या यादीत भारत नाही. फिरायला जाणाऱ्यांना एल व्हिसा, १८० दिवसांपर्यंतच्या अभ्यासक्रमाला एक्स-२. काही उन्हाळी वर्गांना एफ प्रकारही चालतो. विद्यापीठ जे पत्र पाठवतं त्यात कोणता व्हिसा मागायचा ते लिहिलेलं असतं, तोच मागा. मुंबईत चीनचा महावाणिज्य दूतावास आहे, त्यामुळे महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्याला दिल्ली गाठावी लागत नाही. निघण्याच्या दीड-दोन महिने आधी कामाला लागा.

मध्येच हाँगकाँगला जायचा बेत असेल तर दोन प्रवेशांचा व्हिसा मागा, कारण हाँगकाँगला गेलात की तुम्ही मुख्य भूमीच्या बाहेर पडलात असंच धरलं जातं. हाँगकाँगसाठी भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, तीही घरूनच करून ठेवा.

आता एक गोष्ट मी जोर देऊन सांगणार आहे. "उन्हाळी शिबिरात मुलांना इंग्रजी शिकवा, राहणं-खाणं आमच्याकडे" अशा जाहिराती विद्यार्थ्यांच्या गटांत फिरत असतात. पर्यटक किंवा अल्पमुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर असं काम करणं बेकायदा आहे. दंड ५,००० ते २०,००० युआन, आणि प्रकरण गंभीर ठरलं तर ५ ते १५ दिवस कोठडी. जाहिरात देणारा नामानिराळा राहतो, अडकतो तो शिकवणारा. व्हिसाची मुदत उलटून राहिल्यास दिवसाला ५०० युआन दंड आहे, जास्तीत जास्त १०,०००. व्हिसावर लिहिलेले मुक्कामाचे दिवस आणि व्हिसा वैध असल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही नीट वाचा.

२०२० पासून बंद असलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगजोउ मार्गाने पुन्हा सुरू झाली, पाठोपाठ दिल्लीहून ग्वांगजोउ आणि शांघायचीही. मुंबई-पुण्याच्या माणसाला बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे जाणं अनेकदा सोयीचं पडतं. चीनमध्ये शिरतानाचं आगमन कार्ड नोव्हेंबर २०२५ पासून ऑनलाइन भरता येतं. ते आदल्या दिवशी भरून क्यूआर कोडचा फोटो काढून ठेवा.

तिसरी पायरी: फोन आणि पैसे

नवख्याची खरी अडचण इथेच होते, म्हणून ही पायरी सगळ्यात सावकाश करा.

चीनमध्ये भाजीवालीपासून मेट्रोपर्यंत सगळीकडे पैसे फोनवरून जातात. आपलं यूपीआय तिथे चालेल असं धरून चालू नका आणि रुपे कार्डाच्या भरवशावर तर अजिबात जाऊ नका. अलीपे आणि वीचॅट या दोन ॲपना २०२३ पासून परदेशी 'व्हिसा' आणि 'मास्टरकार्ड' कंपन्यांची कार्डं जोडता येतात. २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर ॲप जादा शुल्क घेत नाही, त्याहून मोठ्या व्यवहारावर ३ टक्के कापतं. तुमची बँक आपलं शुल्क लावते ते वेगळं. दोन वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डं न्या, त्यांवर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार सुरू करून घ्या आणि बँकेला प्रवासाच्या तारखा कळवा.

वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे त्याची जुळवाजुळव तिथे पोचल्यावरच होते. नवीन खातं उघडताना आधीपासून वीचॅट वापरणाऱ्या कुणाला तरी कोड स्कॅन करून तुमची खात्री द्यावी लागते. विद्यापीठातला समन्वयक किंवा हॉस्टेलच्या काउंटरवरची मुलगी हे काम आनंदाने करते. पहिल्या दिवसाची भिस्त मात्र अलीपेवर ठेवा. कार्ड जोडताना ओटीपी येतो तो तुमच्या भारतीय नंबरवर. म्हणून भारतीय सिम काढून घरी ठेवू नका, त्यावर रोमिंग चालू असू द्या. ओटीपीच आला नाही तर खिशात कार्ड असूनही उपयोग शून्य.

रोख हजारेक युआन जवळ ठेवा, त्यातही १० आणि २० च्या नोटा जास्त. फुटपाथवर बसणाऱ्या एखाद्या आजींचा कोड वैयक्तिक असतो, त्यावर परदेशी कार्डाचे पैसे जात नाहीत. अशा वेळी नोटच कामी येते.

इंटरनेटचं म्हणाल तर व्हॉट्सॲप, गूगल, जीमेल, यूट्यूब, इन्स्टाग्राम तिथल्या वायफायवर आणि स्थानिक सिमवर उघडत नाहीत. भारतीय सिमचं रोमिंग किंवा परदेशी ई-सिम घेतलं तर ते उघडतात, कारण तो डेटा चीनबाहेरच्या नेटवर्कमधून जातो. महिनाभर राहणाऱ्याने दोन्ही ठेवावं: घरच्यांशी बोलायला ई-सिम आणि स्थानिक कामांना चिनी सिम. चिनी सिम पासपोर्ट दाखवून, चेहऱ्याचा फोटो देऊन मिळतं. विमानात बसण्याआधीच आई-बाबांना सांगून ठेवा की उतरल्यावर काही तास मेसेज आला नाही तर घाबरू नका.

गूगल मॅप तिथे चुकीची जागा दाखवतो, रस्ता एकीकडे आणि तुमचा ठिपका दुसरीकडे. 'गाओद' हे तिथलं नकाशाचं ॲप वापरा, त्यात इंग्रजी आहे. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन उतरवून घ्या आणि राहत्या जागेचा पत्ता चिनी लिपीत फोटो म्हणून ठेवा. टॅक्सीवाल्या शीफूंना तो दाखवला की काम झालं. 'शीफू' ही ड्रायव्हर, कारागीर, मेकॅनिक अशा सगळ्यांना लावायची मानाची हाक आहे, तेवढी तोंडात बसवा.

चौथी पायरी: पहिले २४ तास

हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंद हॉटेलच करतं. मित्राकडे, भाड्याच्या खोलीत किंवा कुणाच्या घरी राहणार असाल तर २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस चौकीत जाऊन नोंद करायची जबाबदारी तुमची आणि घरमालकाची. पासपोर्ट, घरमालकाची माहिती आणि भाडेकरार न्या. काही शहरांत ही नोंद ऑनलाइनही होते. मिळणारा कागद जपून ठेवा, पुढे मुदतवाढ मागितलीत तर तो विचारतात. राहती जागा बदलली की पुन्हा नोंद करायची.

छोट्या हॉटेलांत अजूनही परदेशी पाहुण्याला नाही म्हणतात, कारण नोंदणी कशी करायची हे काउंटरवरच्या माणसाला ठाऊक नसतं. त्यामुळे पहिल्या रात्रीची जागा तरी, परदेशी पासपोर्ट चालतो असं स्पष्ट लिहिलेली घ्या.

अडलंच तर १२३६७ हा तिथल्या इमिग्रेशन विभागाचा चोवीस तास चालणारा नंबर आहे, त्यावर इंग्रजीतही बोलतात. पोलीस ११०, रुग्णवाहिका १२०.

पाचवी पायरी: पोटोबा

शाकाहारी माणूस चीनमध्ये उपाशी मरतो, असं आपल्याकडे ठामपणे सांगतात. मला ते पटत नाही. भाजी शिजवावी तर चिनी लोकांनी. मोठी आच, दोन मिनिटं, आणि पालेभाजीचा हिरवा रंग तसाच ताटात येतो. अडचण भाजीची नसते, तिच्यात जे नकळत पडतं त्याची असते: डुकराची चरबी, बारीक खिमा, ऑयस्टर सॉस, कोंबडीचा रस्सा. "वो छ सू", म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढ्यावर थांबू नका. काय काय नको याची यादी चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि ती थेट स्वयंपाक्याला दाखवा. मापो टोफू नुसतं टोफू म्हणून मागवू नका, त्यात बहुधा खिमा असतो. फरसबीच्या कोरड्या भाजीचंही तेच. बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरचीची 'दीसानशिएन' उत्तरेकडे जवळपास कुठेही मिळते. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंड्याची भाजी आणि भात यावर महिना निघतो. बौद्ध मंदिरांच्या आसपास पूर्ण शाकाहारी खानावळी असतात. तिथे कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे घरून जैन मित्र सोबत असेल तर त्याचीही सोय होते. गोमांस टाळणाऱ्यांनी लक्षात ठेवा, लानजोउ नूडल्सच्या दुकानात रस्साच बीफचा असतो.

युन्नानमध्ये तर आपल्या माणसाची चैन आहे. तिथे 'रूबिंग' नावाचं शेळीच्या दुधाचं पनीर मिळतं. चौकोनी चकत्या तव्यावर सोनेरी होईपर्यंत भाजतात आणि मीठ-मिरपुडीबरोबर देतात. मऊ कुस्करलेल्या बटाट्याची भाजी मिळते. सकाळी गाडीवर तांदळाची जाड पोळी, 'अरक्वाय', निखाऱ्यावर फुगवून, तिला गोड किंवा तिखट चटणी फासून, आत तळलेली पिठाची कांडी घालून गुंडाळी करून हातात देतात. ती खातखात वर्गाला जायचं.

आणि जून ते सप्टेंबर म्हणजे रानातल्या अळंब्यांचा हंगाम. बाजारात टोपल्याच्या टोपल्या येतात: पिवळ्या, काळसर, चिरल्यावर निळ्या पडणाऱ्या. ही निळी पडणारी 'जिएनशोउचिंग' कुनमिंगकरांच्या जिवाची आवडती, पण नीट शिजली नाही तर विषारी. कच्ची खाल्लेल्यांना डोळ्यांसमोर छोटी छोटी माणसं नाचताना दिसतात. त्यामुळे अळंब्यांच्या हॉटपॉटची पद्धत बघण्यासारखी असते. वेटर भांड्यात अळंब्या सोडतो, झाकण ठेवतो, टेबलावर टायमर लावतो आणि चॉपस्टिक्स देतच नाही. वीसेक मिनिटं आपण सगळे हात बांधून वाफेकडे बघत बसतो. टायमर वाजला की तो थोडा रस्सा एका लहान डबीत काढून घेतो, कुणाला त्रास झालाच तर तपासता यावा म्हणून, आणि मगच चॉपस्टिक्स हातात पडतात. रस्सा बहुधा कोंबडीचा असतो, शाकाहारींनी साधं पाणी मागावं. बाजारातून अळंबी आणून खोलीवर शिजवायच्या फंदात मात्र पडू नका.

नळाचं पाणी पिऊ नका. उकळतं पाणी स्टेशनवर, आगगाडीत, वसतिगृहात, सगळीकडे फुकट मिळतं. एक थर्मास घ्या, तो अख्खा उन्हाळा साथ देतो. टिशू पेपर कायम खिशात हवा, सार्वजनिक स्वच्छतागृहांत तो असेलच असं नाही.

सहावी पायरी: आगगाडी

तिकिटं १२३०६ या सरकारी ॲपवर, ते इंग्रजीतही आहे. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा. पहिल्यांदा खातं उघडताना पासपोर्टची पडताळणी होते आणि तिला वेळ लागू शकतो, म्हणून खातं प्रवासाच्या बऱ्याच आधी उघडा. विक्री साधारण १५ दिवस आधी सुरू होते. छापील तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. जी आणि डी अक्षराच्या गाड्या वेगवान. बीजिंग ते शांघाय १,३१८ किलोमीटर अंतर सर्वांत जलद गाडी साडेचार तासांच्या आत कापते. के आणि झेड गाड्या जुन्या, संथ आणि स्वस्त. त्यांच्या 'हार्ड स्लीपर'मध्ये एकावर एक तीन बर्थ असतात आणि दार नसतं. एकदा तरी त्याने रात्रीचा प्रवास करा. खालच्या बर्थवरचे काका सूर्यफुलाच्या बिया पुढे करतात आणि भाषांतराच्या ॲपवर तुमच्या घरी कोण कोण असतं ते विचारतात.

शहराचं नाव बघून तिकीट काढू नका, स्टेशनचं नाव बघा. कुनमिंगचं मुख्य स्टेशन शहरात आहे आणि दक्षिण स्टेशन बरंच लांब, चंगगोंगला. तासभर आधी पोचा: बॅगांची तपासणी असते आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं. मोठा डिओ स्प्रे आणि चाकू तपासणीत काढून घेतात.

विमानाने फिरणार असाल तर पॉवर बँकेकडे लक्ष द्या. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत '३सी' हे चिनी प्रमाणचिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. भारतात घेतलेल्या बहुतेकांवर ते नसतं. तिथे उतरून नवीन घ्या. प्लगसाठी ॲडॉप्टर न्या, आपली जाड गोल पिन तिथल्या सॉकेटात बसत नाही.

तिबेट या सगळ्यात बसत नाही. तिथे वेगळा परवाना आणि मान्यताप्राप्त संस्थेची सहल लागते, एकट्याला जाता येत नाही.

एक शनिवार शिजियाजुआंगसाठी

बीजिंगला गेलात तर एक दिवस काढून शिजियाजुआंगला जा. वेगवान गाडीने सव्वा-दीड तास. तिथल्या हुतात्मा स्मारक उद्यानात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, युद्धभूमीवर जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. चिनी लोक त्यांना 'के दीहुआ' म्हणतात. ज्येष्ठ मंडळींशी बोलताना तुम्ही हे नाव घेतलंत की गप्पांचा सूर बदलतो. कुनमिंगच्या 'हिरव्या तळ्या'काठी रोज संध्याकाळी निवृत्त लोक नाचायला आणि गायला जमतात. तिथे एका आजोबांना मी कोटणीसांच्याच गावाकडची आहे असं सांगितलं, तर त्यांनी गाणं थांबवून माझ्यासाठी खुर्ची मागवली. ते माझ्याकडून सोलापूरबद्दल ऐकत राहिले, माझ्या मोडक्या चिनीची त्यांना अडचण झाली नाही.

अशा गप्पा व्हायच्या असतील तर महिनाभर आधीपासून रोज अर्धा तास चिनीला द्या. लिपी सोडा, उच्चारातले चार सूर (सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो) आणि आकडे पक्के करा. मुलींसाठी एक सांगते: रात्री दहा वाजता एकटीने मेट्रोने परतताना मला कुठेही धाकधूक वाटली नाही. रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही बाजूंना बघा. विजेवरच्या स्कूटरी आवाज न करता येतात, फुटपाथवरूनसुद्धा.

निघताना

परतीच्या आठवड्यात वसतिगृहाची अनामत मागून घ्या, ती परत यायला दोन-चार दिवस लागू शकतात. भाड्याच्या सायकल आणि पॉवर बँकच्या ॲपमध्ये अडकलेली रक्कम काढा. चिनी सिम बंद करायचं असेल तर जिथून घेतलं त्याच शहरात करा, आणि त्याआधी अलीपे-वीचॅटला जोडलेला नंबर बदलून भारतीय करा. नाहीतर पुढच्या वेळी खातं उघडणार नाही. उरलेले युआन विमानतळाच्या काउंटरपेक्षा शहरातल्या बँकेत बदललेले बरे, पासपोर्ट सोबत न्या.